मधले सात हात

कोणे एके काळी, म्हणजे नेमकं कधी ते मला विचारू नका, कारण त्या काळची वर्षं मोजणारे केव्हाच गेले, एका खाडीच्या काठी दोन गावं होती. एक माडवाडी आणि दुसरी चिंचवाडी. माडवाडीत माड होते आणि चिंचवाडीत चिंचा होत्या. तेव्हाची माणसं नावं ठेवताना फार डोकं शिणवत नसत.

दोन गावांच्या मध्ये सखल जमीन पसरली होती. खाडीचं खारं पाणी अडवायला वाडवडिलांनी मातीचा लांबलचक बांध घातला होता आणि बांधाच्या आत भाताची शेतं केली होती. अशा जमिनीला खाजण म्हणतात. खाजणातला भात गोड, पण त्याची राखण कठीण. बांध फुटून खारं पाणी एकदा शेतात बसलं, की तीन वर्षं तिथे गवताची काडीसुद्धा उगवत नाही.

बांध एकच होता. त्याच्या एका टोकाला माडवाडी होती, दुसऱ्या टोकाला चिंचवाडी.

देव मात्र दोन होते. माडवाडीची देवी म्हणजे शेंदूर लावलेली एक मोठी शिळा. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण सगळे तिला नुसतं ‘आई’ म्हणत. चिंचवाडीच्या देवाला रूपच नव्हतं. तिथे सारवलेल्या एका खोलीत एक रिकामा कोनाडा होता आणि रोज संध्याकाळी त्यात दिवा लागे. त्या रिकाम्या जागेत जो आहे तो या साऱ्या जगाचा मालक, म्हणून ते त्याला ‘धनी’ म्हणत.

दोन्ही गावं देवभोळी होती, पण रीती उलट्या. माडवाडीचं माणूस काहीही देताना देवाचं नाव घेई. भाकरी वाढताना ‘आई’, दुसऱ्याच्या डोक्यावर हंडा चढवताना ‘आई’, बांधाच्या कामात चिखलाचा गोळा शेजाऱ्याच्या हाती टाकताना ‘आई’. जे द्यायचं ते आईलाच दिल्यासारखं द्यावं, असं त्यांचं म्हणणं. चिंचवाडीचं माणूस देताना गप्प राही आणि घेताना नाव घेई. भाकरी पानात पडली की ‘धनी’, गोळा हातात आला की ‘धनी’. देणारा तो एकच, आपण सगळे घेणारे, असं यांचं म्हणणं.

दोन्ही म्हणणी चांगलीच होती. माणसं वाईट गोष्टींपेक्षा चांगल्या गोष्टींवरून जास्त भांडतात, हे तुम्हीही कधी पाहिलं असेल.

दरवर्षी उन्हाळ्यात बांधाला चिखल लावायचा एक दिवस ठरे. दोन्ही गावं आपापल्या टोकाकडून काम करत येत आणि दुपारी बांधावर एकाच पंगतीला बसत. एका वर्षी पंगतीत प्रश्न निघाला, की जेवणाआधी नाव कोणाचं घ्यायचं? आधी आई की आधी धनी?

माडवाडीचा गावकर, म्हणजे गावाचा प्रमुख, तेव्हा धाकू नावाचा जवान गडी होता. जीभ तिखट आणि डोकं त्याहून तिखट. तो म्हणाला, “यात विचारायचं काय? आधी आई असते, मग धनी मिळतो. हे तर लग्नाच्या पोरीलाही कळतं!”

आपल्याकडे बाया नवऱ्याला धनी म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अर्धी पंगत खो खो हसली. उरलेली अर्धी भरल्या पानांवरून उठली. चिंचवाडीचा गावकर जानबा तसा शांत माणूस, पण तोही पान सोडून उभा राहिला होता. तो एवढंच म्हणाला, “आमच्या देवाची थट्टा केलीस, धाकू. आता तुमची पंगत तुम्हाला लखलाभ.”

खरं तर धाकूला त्याच घटकेला वाईट वाटलं होतं. पण चारचौघांत मागे कसं यायचं? तो तणतणत देवळात गेला आणि त्यानं शिळेवर हात ठेवला. “आई, या जिभेवर पुन्हा कधी त्यांच्या देवाचं नाव आलं, तर मला तुझ्या दारात घेऊ नकोस.”

बघा, पश्चात्ताप झालेल्या माणसानं क्षमा मागायची सोडून शपथ घेतली. आपण सगळे असंच करतो.

मग बांधाची वाटणी झाली. दोन्ही गावांनी आपापल्या टोकाकडून हातानं मोजत बांध निम्मा केला आणि जिथे आपला भाग संपला तिथे खुणेचा दगड पुरला. पण मोजताना दोघांच्याही मनात एकच विचार होता, की आपला ओंजळभर चिखलही त्यांच्या भागावर पडता कामा नये. म्हणून दोघंही निम्म्याच्या जरा अलीकडेच थांबले. दोन दगडांच्या मध्ये सात हात बांध उरला. माडवाडी म्हणे तो चिंचवाडीचा. चिंचवाडी म्हणे तो माडवाडीचा. बावीस वर्षं त्या सात हातांना कोणी चिखल लावला नाही.

कोणी म्हणजे, एका बाईशिवाय कोणी नाही.

तिचं नाव सोनाय. माहेर माडवाडी, सासर चिंचवाडी. लग्न भांडणाआधीचं, म्हणून माडवाडीची तरणी माणसं तिला आत्या म्हणत आणि चिंचवाडीची काकी. ती देताना ‘आई’ म्हणे आणि घेताना ‘धनी’ म्हणे. “सोनाय दोन्हीकडचं पुण्य लाटते,” असं लोक तिला चिडवत. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. जवळ होता तो भाताचा एक लहानसा पट्टा, तोही नेमका त्या सात हातांच्या पायथ्याशी. तो बुडाला तर तिला जायला जागा नव्हती. सासरी कोणी उरलं नव्हतं आणि माहेरची वाट बावीस वर्षं बंद होती.

त्या सात हातांना खेकडे पोखरत. सोनायनं जानबाला सांगितलं. तो म्हणाला, “काकी, तो भाग त्यांचा.” सोनायनं बांधावर उभी राहून धाकूला हाक मारून सांगितलं. तो म्हणाला, “तो भाग त्यांचा.” तेव्हा सोनाय खाली बसली आणि एकेक बीळ चिखलानं बुजवू लागली. असं तिनं बावीस वर्षं केलं.

बांध टिकला. माडवाडी म्हणाली, आईची कृपा. चिंचवाडी म्हणाली, धन्याची कृपा. दोघांचंही खरं असेल. पण त्या कृपेला दरवर्षी चिखलात बसायला सोनायचे गुडघे लागत होते.

त्या वर्षी ते गुडघे धरले. तिला बसवेना, बसली तर उठवेना. आणि भाद्रपदात, शेतातलं भात पोटरीला आलेलं असताना, दशमीच्या सकाळच्या भरतीला बांध मधोमध फुटला.

आधी हातभर भोक पडलं. मग माती ढासळून त्याची खांड झाली, आणि संध्याकाळपर्यंत ती वीस हात रुंद झाली; खोल पुरलेले खुणेचे दगड तेवढे पाण्यात उभे राहिले. दशमीची भरती लहान होती, म्हणून पाणी शेतांमधल्या पाटातच राहिलं. पण रोज भरती चढत जाणार होती. पौर्णिमेचं उधाण आलं की सारं खाजण खाऱ्या पाण्याखाली जाणार, हे न्हाणीतल्या बेडकालाही कळत होतं. मध्ये पाच दिवस होते.

पहिला दिवस दोन्ही गावांनी एकमेकांच्या देवाच्या नावानं बोटं मोडण्यात घालवला.

एकादशीला ओहोटी लागल्यावर माडवाडी उतरली. त्यांच्या टोकाला चिकण चिखल होता. त्यांनी गोळ्यावर गोळा रचत आपली बाजू भरत आणली आणि आपल्या खुणेपाशी थांबले. भरती आली आणि सगळं घेऊन गेली.

द्वादशीला चिंचवाडी उतरली. त्यांच्या टोकाला रेती जास्त, म्हणून त्यांनी बांबूचे खुंट ठोकले, मागे पेंढा दाबला आणि आपल्या खुणेपाशी थांबले. भरती आली आणि पेंढा खाडीभर तरंगत गेला.

त्रयोदशीला दोन्ही गावं एकाच वेळी उतरली. दोन्हीकडून बांध पुढे पुढे सरकला आणि दोघंही आपापल्या हद्दीपाशी येऊन उभे राहिले. मध्ये सात हातांची वाट उरली आणि त्या अरुंद वाटेतून पाणी घोंगावत आत येऊ लागलं.

“पुढचं तुमचं,” धाकू या काठावरून ओरडला.

“पुढचं तुमचं,” जानबा त्या काठावरून ओरडला.

दोघंही मनापासून बोलत होते. दोघांनाही वाटत होतं की समोरचा लबाडी करतोय. आणि ते असे एकमेकांकडे बोट दाखवत उभे असताना भरतीनं दोन्हीकडची माती पायाखालून काढून नेली.

चतुर्दशीला सोनाय काठी टेकत टेकत बांधावर आली. तिनं दोघा गावकरांना बोलावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते दोघं एकमेकांच्या शेजारी उभे होते, आणि दोघंही समुद्राकडे बघत होते.

“धाकू, तुझा भाग किती हात?” सोनायनं विचारलं.

“नऊशे.”

“जानबा, तुझा?”

“आमचाही नऊशेच.”

“आणि सगळा बांध किती?”

अठराशे सात हात, हे दोन्ही गावांतल्या लहान मुलांच्या गाण्यातही होतं. ते गाणं दोघंही लहानपणी म्हणत होते.

जानबानं मान खाली घातली. धाकू पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

“मला कोणाला दोष द्यायचा नाही,” सोनाय म्हणाली. “पण ते सात हात कोणाचे नव्हते, आणि तिथूनच पाणी आलं. उद्या दुपारी उधाण आहे. उद्याची सकाळ तेवढी आपल्या हाती आहे.”

“आमचा चिखल घ्या,” धाकू म्हणाला. समुद्राकडेच बघत म्हणाला, पण म्हणाला.

“आमचे बांबू आहेत,” जानबा म्हणाला.

पौर्णिमेच्या पहाटे, ओहोटी पुरती उतरलेली असताना, दोन्ही गावं खांडीपाशी जमली. आधी बांबूचे खुंट ठोकले आणि त्यांच्यामागे पेंढा दाबला. आता चिखल लागणार होता, तोही भराभर. चिखल माडवाडीच्या टोकाला होता. तिथून खांडीपर्यंत बांधावर माणसांची एकच ओळ उभी करायची आणि हातोहात गोळे पोचवायचे, असं ठरलं.

पण ओळीत कोण कुठे? खांडीचं टोक म्हणजे छातीभर वाहतं पाणी. “पाण्यात आमचीच माणसं का?” हे दोन्हीकडून एकदम आलं. शिवाय बावीस वर्षांचा अविश्वास एका पहाटेत जातो थोडाच! दुसरा कामचुकारपणा करील ही भीती होतीच. शेवटी दोघांनाही एकच तोड पटली. एक आमचा, एक तुमचा, एक आमचा, एक तुमचा, अशी सगळी ओळ लावायची. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना पहारा. धाकू आणि जानबा पाण्याच्या टोकाला उभे राहिले, जानबा सगळ्यांत शेवटी आणि त्याच्या आधी धाकू. गावकर म्हणून मान राखायचा होता ना!

गोळा निघाला आणि चौथ्या माणसापाशी खाली पडला. दुसरा निघाला, तो दुसऱ्याच माणसापाशी पडला. तिसरा कोणाच्या तरी पायावर आदळला.

“मुद्दाम टाकतात!” माडवाडीचा एक जण ओरडला.

“तुम्ही हात कुठे पुढे करता?” चिंचवाडीची एक बाई ओरडली.

ऊन वर आलं. ओहोटी थांबली आणि खाडीच्या पाण्यावरचा कचरा हळूहळू आत येऊ लागला. भरती लागली होती. बांधावर निम्मे गोळे पायांखाली तुडवले जात होते आणि खांड होती तेवढीच होती. दोन-चार माणसं ओळ सोडून निघालीसुद्धा.

सोनायला उभं राहवत नव्हतं, म्हणून ती बांधावर बसून बघत होती. बसलेल्या माणसाला कधी कधी जास्त दिसतं. तिला दिसलं की माडवाडीच्या हातून चिंचवाडीच्या हातात गेलेला एकही गोळा पडत नाही. पडतो तो चिंचवाडीच्या हातून माडवाडीच्या हातात जाताना. दरवेळी तिथेच.

“थांबा!” ती ओरडली. “अरे, कोणी मुद्दाम टाकत नाही. माडवाडीवाला देताना नाव घेतो, चिंचवाडीवाला घेताना घेतो. हा देतो आणि तो घेतो, तेव्हा दोघंही बोलतात. तो देतो आणि हा घेतो, तेव्हा दोघंही गप्प! गोळा सुटला हे त्या बिचाऱ्याला कळणार कसं?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. खरंच होतं ते.

“मग सगळ्यांनी देताना ‘आई’ म्हणावं,” माडवाडीकडून आलं.

“सगळ्यांनी घेताना ‘धनी’ म्हणावं,” चिंचवाडीकडून आलं.

झालं! पुन्हा पंगतीतलंच भांडण ताट मांडून बसणार होतं. सोनाय काठीवर भार देऊन उठली. गुडघ्यांतून कळ गेली, तिनं ओठ चावला.

“ऐका माझं. आपल्या देवाचं नाव कानावर पडलं की माणसाचे हात आपसूक पुढे होतात. मी दोन्हीकडे राहिले आहे, मला ठाऊक आहे. तेव्हा नाव देणाऱ्यानंच घ्यायचं. पण आपल्या देवाचं नाही. ज्याच्या हातात द्यायचं, त्याच्या देवाचं.”

मग माडवाडीचा एक म्हातारा म्हणाला, “सोनाय, आमच्या तोंडी त्यांच्या देवाचं नाव? बाटलो की आम्ही!”

“दशमीला त्याच देवाचं नाव घेऊन दिवसभर शिव्या दिल्यास, तेव्हा नाही बाटलास?” सोनाय म्हणाली.

आधी चिंचवाडी हसली, मग माडवाडी हसली, आणि शेवटी तो म्हाताराही हसला. बावीस वर्षांपूर्वी निम्मेच हसले होते. या वेळी सगळे हसले.

निघालेली माणसं ओळीत परतली. सोनाय पाण्यात उतरली आणि धाकूच्या अलीकडच्या जागी उभी राहिली. ती आता चिंचवाडीची, म्हणून तिथे चिंचवाडीचीच जागा होती. गोळा हातोहात येत येत तिच्यापर्यंत आला. ती धाकूकडे वळली आणि म्हणाली, “आई!”

धाकूचे हात पुढे झाले. त्यानं विचार करायच्या आतच झाले. गोळा त्याच्या हातात आला.

आता त्याला तो जानबाकडे द्यायचा होता.

धाकू तसाच उभा राहिला. पाणी त्याच्या छातीला लागत होतं. मागे सगळी ओळ थांबली.

“मला शपथ आहे,” तो हळूच म्हणाला.

“ठाऊक आहे, दोन्ही गावांना ठाऊक आहे,” सोनाय म्हणाली. “तू आईपुढे शपथ घेतलीस. पण आईनं मागितली होती का?”

“ती मला दारात घेणार नाही, सोनाय.”

या माणसाची ही भीती खरी होती, मुलांनो. तिला हसू नका. बावीस वर्षं ज्या दारात त्यानं रोज माथा टेकला, ते दार आपल्याला कायमचं बंद होईल असं त्याला वाटत होतं.

सोनायला हे समजलं. तिनं खोटा धीर दिला नाही. “ते मला नाही सांगता येणार, धाकू. मी काही देवी नव्हे. मला एवढंच दिसतंय की तुझ्या हातातला चिखल विरघळतोय.”

धाकूनं जानबाकडे बघितलं. जानबा एका हातानं खुंट धरून उभा होता. त्यानं खुंट सोडला आणि दोन्ही हात पुढे केले. पाणी त्याला मागे ओढत होतं, तरी त्यानं हात मागे घेतले नाहीत.

“धनी,” धाकू म्हणाला.

आधी पुटपुटला. मग पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “धनी!” गोळा जानबाच्या हातात गेला.

जानबाच्या पुढे कोणी माणूस नव्हतं, होती ती फक्त खांड. त्याला कोणाचंच नाव घ्यायची गरज नव्हती. पण त्यानं तो पहिला गोळा पेंढ्यावर बसवला, तळहातानं दाबला आणि म्हणाला, “आई.”

धाकूचे डोळे भरून आले. त्यानं ते चिखलाच्या हातांनी पुसले आणि तोंडभर चिखल करून घेतला.

मग ओळ चालू झाली. धनी, आई, धनी, आई. एकही गोळा पडला नाही. आपलं दैवत शेजाऱ्याच्या तोंडून ऐकायची कोणाला सवय नव्हती. पहिल्या शंभर गोळ्यांना अंगावर काटा येत होता, पुढच्या हजारांकडे कोणाचं लक्षही नव्हतं. हात चालले होते. भरती चढत होती आणि तिच्याबरोबर बांधही चढत होता. कधी पाणी वरचढ होई, कधी माणसं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पाणी बांधाच्या माथ्याच्या वीतभर खाली येऊन थांबलं. घटकाभर ते तिथेच हिंदकळत राहिलं. मग माघारी फिरलं.

कोणी ओरडलं नाही, नाचलं नाही. ताकदच उरली नव्हती. जो जिथे होता तिथेच बसला. दोन्हीकडून भाकऱ्या आल्या आणि हातोहात ओळीतून फिरल्या, त्याच रीतीनं, शेजाऱ्याच्या देवाचं नाव घेत. आधी कोणाचं नाव घ्यायचं हा प्रश्न कोणाला आठवला नाही. भूकच तशी लागली होती.

त्या वर्षी खाजण पिकलं. सोनायचा पट्टाही पिकला, आणि त्याची कापणी तिला करू न देता माहेरच्या आणि सासरच्या माणसांनी मिळून केली. खुणेचे दोन्ही दगड उपटून खाडीत टाकले. पुढे दरवर्षी अठराशे सात हातांना सगळ्यांनी मिळून चिखल लावला. दोन गावांची भांडणं संपली असं मात्र समजू नका. शेळ्यांवरून भांडत, माशांवरून भांडत, पण देवावरून पुन्हा कधी भांडले नाहीत. हातातून हातात काही द्यायचं झालं, हंडा असो, तान्हं मूल असो, की ते घेणाऱ्याच्या देवाचं नाव घेत. दोन्ही गावांचा तो शिरस्ताच पडला.

एकटा धाकू तेवढा देवळात गेला नाही.

शपथ मोडल्याचा त्याला पस्तावा नव्हता. पण दिलेला शब्द तो शब्द, असं मानणारा तो माणूस. रोज संध्याकाळी देवळाच्या पायरीशी बसे, बाहेरूनच हात जोडे. “आत ये की,” पुजारी म्हणे. “बोलावणं आलं की येईन,” धाकू म्हणे. जानबा कधी कधी चिंचवाडीहून बांधावरून चालत येई आणि त्याच्या शेजारी बसे. अशी पुष्कळ वर्षं गेली.

मग एके दिवशी धाकू गेला. तो गेल्याचं कळताच चिंचवाडी बांधावरून चालत आली. माडवाडीची रीत अशी, की मेलेल्या माणसाची तिरडी देवळासमोर थांबवायची आणि तिथे खांदा बदलायचा. घरापासून देवळापर्यंत चिंचवाडीच्या माणसांनी खांदा मागून घेतला. पुढे म्हातारा जानबा होता, सगळे नको नको म्हणत असताना. दारापाशी माडवाडीची माणसं तिरडी घ्यायला उभी होती.

चिंचवाडीनं तिरडी खांद्यावरून उतरवून त्यांच्या खांद्यावर दिली. आणि देताना, शिरस्त्याप्रमाणे, घेणाऱ्याच्या देवाचं नाव घेतलं. सगळ्यांनी मिळून, थेट गाभाऱ्यात घुमेल अशा आवाजात घेतलं.

“आई!”

माडवाडीचे हात पुढे झाले. पुजाऱ्यानं देवळाचं दार सताड उघडलं आणि म्हणाला, “धाकू, बोलावणं आलं रे.” बांधाच्या टोकाशी बसून हे बघणारी सोनाय तोंडात पदर धरून रडली, आणि मग समाधानानं हसली.

म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या देवाचं नाव मानानं घेतलं तर आपला देव दूर जात नाही. शेजारी मात्र जवळ येतो.